टू-वायर व्हिडिओ डोअरफोन, नऊ महिने वापरून: सेट चांगला, सोबतची वायर नको

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री पावणेबाराला बेल वाजली. स्क्रीनवर दोन जाड पट्ट्या खालून वर सरकत होत्या, मागे कोणाचा तरी खांदा दिसतोय न दिसतोय. मग स्क्रीन काळी. चार सेकंदांनी परत चित्र, परत पट्ट्या, परत काळी. बाहेर माझाच मुलगा होता, सेकंड शिफ्ट संपवून आलेला. पण आतल्या खोलीत माझी ८४ वर्षांची आई पलंगावर उठून बसली होती आणि विचारत होती, "कोण आहे रे? मला काहीच दिसत नाहीये." हा सेट घेतला तो तिच्यासाठी, आणि नेमका तिलाच दिसत नव्हता. त्या रात्री मी याला पाचपैकी एकच तारा दिला असता. आज चार देतोय. मधल्या पाच आठवड्यांत काय झालं ते नीट लिहितो, कारण असंच कुणाकुणाकडे झालं असेल आणि त्यांनी विनाकारण कॅमेऱ्याच्या सर्किट बोर्डाचे पैसे भरले असतील.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, चौथ्या मजल्यावर. दुपारी आई घरात एकटी असते. गुडघे गेलेत, दारापर्यंत यायला तिला दोन-तीन मिनिटं लागतात. बेल वाजली की घाईघाईत उठायची आणि न बघता दार उघडायची. दोनदा पडता पडता वाचली. तेव्हा दिवाळीच्या आधी हा सेट घेतला: बाहेर एक कॅमेरा, हॉलमध्ये एक सात इंची मॉनिटर, आणि सेफ्टी डोअरला इलेक्ट्रिक लॉक. टू-वायरच घ्यायचं कारण सोपं होतं. जुन्या सेटना चार तारा लागतात, वीज, अर्थ, आवाज आणि चित्र यांना एकेक. आमच्या भिंतीतल्या बेलच्या पाइपात तेवढी जागा नाही आणि भिंत फोडायला आईची आणि माझी दोघांचीही तयारी नव्हती. टू-वायरमध्ये एकाच जोडीवरून डीसी वीज जाते आणि त्याच जोडीवर चित्र आणि आवाज चढवलेले असतात. माझ्या सेटमध्ये प्लस-मायनस उलटं लावलं तरी चालतं.

पहिले दोन महिने एकही तक्रार नाही. आवाज स्वच्छ आहे, पलीकडचं बोलणं तुटत नाही. जानेवारीत आईच्या खोलीत दुसरा मॉनिटर लावला तेव्हा चित्राला सावली यायला लागली, माणसाच्या उजव्या बाजूला त्याचंच फिकट चित्र. ते अर्ध्या तासात सुटलं. मॉनिटरच्या मागे बारीक स्विचेस असतात, त्यातला एक लाइन संपल्याचा असतो. तो फक्त शेवटच्या मॉनिटरवर ऑन हवा. आमच्याकडे तो हॉलमधल्यावरच ऑन राहिला होता आणि नव्यावर ऑफ. लाइनच्या टोकाला बरोबर रेझिस्टन्स नसला की सिग्नल तिथून परत फिरतो, ती सावली म्हणजे तोच. दोन्ही स्विच बदलले, सावली गेली. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत उरकलंय, पण चित्रासह एक पान द्यायला हवं होतं.

आता जूनवर येतो.

सर्व्हिसचा माणूस पहिल्यांदा आला तो सकाळी अकराला. बेल दाबली, चित्र झकास. "काका, काहीच प्रॉब्लेम नाही," म्हणून सही घेऊन गेला. रात्री परत तेच. चार दिवस हेच चाललं तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिवसा कधीच बिघडत नाही. रात्री वेगळं काय होतं? अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात, म्हणजे करंट वाढतो. दुसऱ्या खेपेला तो आला तेव्हा मी बाहेर जाऊन कॅमेऱ्याच्या बाजूच्या प्रकाश ओळखणाऱ्या टिकलीवर अंगठा ठेवला. टिक असा आवाज झाला, दिवे लागले, आत स्क्रीन काळी. भर दुपारी. तो म्हणाला, "बोर्ड गेलाय, ३,८०० होतील." मी म्हटलं, वॉरंटी वर्षाची आहे. तर म्हणे पाणी गेलेलं वॉरंटीत बसत नाही. मी त्याच्यासमोर कॅमेरा उघडायला लावला. पॅसेज बंदिस्त आहे, पाऊस तिथपर्यंत पोचत नाही, आत ओलाव्याचा एक डाग नव्हता. "अरे बाबा, बोर्ड म्हणतोस तर आधी इथे व्होल्टेज किती येतंय ते तरी बघ." त्याच्या बॅगेत मीटरच नव्हता. याचा मला आजही राग आहे. वायरवर चालणाऱ्या वस्तूची दुरुस्ती करायला पाठवता आणि माणसाला मीटर देत नाही? त्या सर्व्हिसच्या पोराला दोष देत नाही मी, त्याला शिकवलंच तेवढं असणार. कंपनीला देतो.

माझा आपला मीटर आहे. ३१ जानेवारी २०२०ला एमटीएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्याआधी अख्खी नोकरी तांब्याच्या जोड्या तपासण्यात गेली. पावसाळ्यात फोनवर खरखर आली की दहातल्या नऊ वेळा जॉइंट असायचा. मॉनिटरपाशी २४ व्होल्ट होते. कॅमेऱ्याच्या टर्मिनलवर नुसतं असताना २२.४ आणि दिवे लागले की १७च्या आसपास, आणि तिथे कॅमेरा रीसेट. मग सप्लाय बंद करून दोन्ही टोकं सोडवली, बाहेरच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या आणि आतून लूप, म्हणजे दोन्ही तारांचा मिळून रेझिस्टन्स, मोजला. तार बारीक आहे, अंतर १८ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३६. चार-पाच ओहम यायला हवे होते. मीटर १९ दाखवत होता. पाइपातून बाहेर आलेली तार हलकेच ओढली तर ११, सोडली तर २३. आकडा असा नाचला की पुढे शोधायची गरज नसते. कुठेतरी जॉइंट आहे.

सेट लागला तेव्हा मी गावी राजापूरला होतो, मुलाने लावून घेतला. जॉइंट आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सापडला तो माळ्याखालच्या जंक्शन बॉक्समध्ये. वायरमनला पाइपाच्या वळणातून नवी वायर निघाली नाही, म्हणून त्याने पुढच्या तुकड्याला बेलची जुनी वायर वापरली आणि दोन्ही पिळून वर काळी टेप गुंडाळली. भिंतीला तिथे ओल आहे. टेप सोडवली तर आत तेलकट चिकटा आणि जॉइंटवर पांढरी भुकटी. पांढरी भुकटी बघून मला शंका आली, कारण तांबं हिरवं पडतं. खोक्यातून आलेल्या वायरचं उरलेलं वेटोळं आणलं, चाकूच्या टोकाने तार खरवडली. वरचा तांबूस पापुद्रा निघाला आणि आतून चंदेरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. एक तर अशी तार तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट रेझिस्टन्स देते, वर ती ओल्या भिंतीत जुन्या तांब्याला पिळलेली. दोन वेगळे धातू आणि पाणी एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. वरून ती जुनी वायर पॅसेजच्या दिव्याच्या २३० व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपात. सरकणाऱ्या पट्ट्यांना हातभार त्याचाच.

एक गोष्ट इथे जरूर सांगतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत बेलचं बटण थेट २३० व्होल्टवर असतं. जुनी बेल वायर वापरायचीच असेल तर ती दोन्ही टोकांना मेनपासून पूर्ण तोडली आहे हे टेस्टरने नाही, मीटरने बघा. खरं तर वापरूच नका.

मॅन्युअलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आहे, "कोणत्याही दोन तारा चालतील, १०० मीटरपर्यंत." तारेच्या जाडीचा तक्ता शेवटच्या पानावर, बारीक टायपात. माझा सगळा आक्षेप या एका वाक्यावर आहे. टेलिफोन दोन बारीक तारांवर किलोमीटरच्या किलोमीटर चालायचा, कारण त्याला वीस-तीस मिलिअँपिअर पुरायचे. इथे रात्री ३००च्या वर लागतात. "कोणत्याही" हा शब्द वाचून गिऱ्हाईक निर्धास्त होतं, वायरमनही होतो, आणि मग पावसाळ्यात बोर्ड बदलला जातो.

लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून, ०.७५ स्क्वेअर एमएमची दोन कोअरची तांब्याची फ्लेक्झिबल वायर आणली, आयएस ६९४ या वायरींच्या भारतीय मानकाचा छाप बघून, २५ मीटर, हजाराच्या आत. पाइपाचा नाद सोडला. छताच्या कडेने वायर झाकायची पट्टी मारून, मेनपासून लांब ठेवून, एकही जॉइंट न देता सरळ कॅमेऱ्यापर्यंत नेली. लूप १.१ ओहम. दिवे लागलेले असताना कॅमेऱ्यापाशी २३.६ व्होल्ट. बोर्ड तोच, कॅमेरा तोच. त्यानंतर मुलुंडला जे काही कोसळलंय त्यात एकदाही चित्र हललेलं नाही.

त्याच दिवशी लॉकचंही काम उरकलं. लॉकचे दोन वायर त्यांनी बाहेरच्या युनिटच्या रिलेवर, म्हणजे लॉक चालवणाऱ्या स्विचवर, दिले होते. म्हणजे कोणीही कॅमेऱ्याचे दोन स्क्रू काढून त्या तारा एकमेकींना टेकवल्या की दार उघडलं. माझ्या मॉनिटरला आतही रिले आहे, तिथे हलवले. तुमच्याकडे सोय असेल तर आजच हलवा. लॉक १२ व्होल्टचं आहे, ओढताना अँपिअरच्या आसपास घेतं, त्याला वेगळा अडॅप्टर आहे. लॉकच्या कॉइलवर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लावला, पट्टीची बाजू प्लसकडे. आधी लॉक उघडताना स्क्रीन लुकलुकायची, आता नाही.

एक तारा कापला तो वायरसाठीच. बाकी समोरच्या पांढऱ्या भिंतीमुळे रात्री जवळ उभ्या माणसाचा चेहरा पांढरा फटक दिसतो, त्यावर उपाय सापडला नाही. लाइट गेली की सगळं बंद, म्हणून जुनी साधी बेल सेलवर करून दाराला ठेवलीय. समोरच्या काकूंना वाटलं कॅमेरा त्यांच्या दारावर आहे. त्यांना घरात बोलावून स्क्रीन दाखवली आणि कॅमेरा थोडा डावीकडे वळवला.

आईला दोन बटणं पाठ झालीत. परवा दुपारी औषधांचा मुलगा आला तेव्हा तिने पलंगावरूनच त्याला "पिशवी आत स्टुलावर ठेव बाळा" सांगितलं, दार उघडलं आणि तो गेल्यावर लॉक लागल्याचा आवाज येईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो, मुद्दाम बाहेर आलो नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी हाच सेट घेतायत. खोक्यातली वायर बाजूला ठेवा असं सांगून आलोय. त्यांची पट्टी रविवारी मारायची आहे, मीटर घेऊन मी जाणार आहे.