कॉलवर 'स' ऐकू यायला हवा: ओपनडब्ल्यूआरटीमधलं एसक्यूएम

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि बरीचशी मुलं व्हिडिओकॉलवरच येतात. चित्र फाटलं तरी माझं अडत नाही, आवाज फाटला की सेशन वाया जातं. मूल 'साखर' म्हणालं की 'आखर', हे मला तिथल्या तिथे कळायला हवं. आवाज नेटवरून छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जातो; एखादं पॅकेट हरवलं की ॲप ती जागा अंदाजाने भरतं. 'स' मुळातच बारीक, नुसती हवा. मग चूक मुलाची की नेटची, हे सांगता येत नाही.

घरात कोणी फोनमधले व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले की हेच व्हायचं. स्पीड टेस्ट मात्र झकास यायची. कारण दुखणं वेगाचं नव्हतंच. अपलोडची पॅकेट मोडेममध्ये तुंबायची आणि माझा आवाज त्या रांगेच्या शेपटाला. आवाज एका बाजूने पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त लागू नयेत, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची जी.११४ शिफारस सांगते.

जुन्या आर्चर सी७ राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर टाकून त्यात एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजे पॅकेटची रांग सांभाळणारी सोय) सुरू केलं. लाइन डाउनलोडला ५० एमबीपीएस, अपलोडला १०. सेटिंगमध्ये ४५ आणि ९ भरले. विकत घेतलेला वेग असा सोडताना जिवावर येतं, पण त्याशिवाय काहीच होत नाही. वेग थोडा कमी धरला की रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि तिथे कोणाला पुढे सोडायचं ते आपण ठरवतो.

ते काम एसक्यूएममधलं 'केक' हे रांगा लावणारं सॉफ्टवेअर करतं. ओपनडब्ल्यूआरटी ज्यावर चालतं त्या लिनक्सच्या ४.१९ कर्नलपासून (गाभ्यापासून) ते आहे. त्यात 'डिफसर्व्ह४' निवडलं की चार रांगा होतात: बिनघाईची, साधी, व्हिडिओची आणि आवाजाची. आवाजाला एकूण वेगाच्या २५ टक्क्यांपर्यंत पहिला मान. माझ्या अपलोडवर म्हणजे सव्वादोन एमबीपीएस, जी.७११ सारख्या जुन्या कोडेकलासुद्धा (आवाजाचे आकडे करणाऱ्या पद्धतीला) एका कॉलला ९० केबीपीएसच्या आसपास पुरतात. मला मनापासून आवडलं ते हे, की कॉल नसेल तेव्हा ही राखीव जागा अडून राहत नाही, बाकीचे ती बिनधास्त वापरतात.

आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही 'हा आवाज आहे' असं सांगणारी खूण मात्र लॅपटॉपमध्ये स्वतः लावावी लागली. ती नसली तरी केक प्रत्येक कनेक्शनला वेगळा वाटा देतं, त्यामुळे कॉलला बराच आराम पडतो.

आता मर्यादा. हे सगळं प्रोसेसर ओढतो. सी७ चा ७२० मेगाहर्ट्झचा आहे; ३०० एमबीपीएसच्या प्लॅनला तो पुरणार नाही, नवा राउटरच घ्या. वायफायच्या कटकटी यातून सुटत नाहीत, म्हणून मी सेशनला लॅन केबलच लावते. आणि गर्दीच्या वेळी लाइनच ४५ च्या खाली आली तर रांग पुन्हा पलीकडे लागते. आमच्याकडे संध्याकाळी तसं होतं, म्हणून त्या सेशनआधी मी डाउनलोडचा आकडा ३० वर आणते.