पायथॉन 3.10.7: अपडेट छोटा, पण एक बदल बघून घ्या

विसर्जनाच्या आदल्या दिवशी देवगडला घरी पडवीत बसून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा हा अपडेट टाकला, सप्टेंबर 2022 मधला, आणि भाच्याला 2000चं फॅक्टोरियल (1 ते 2000 सगळ्या आकड्यांचा गुणाकार) काढून दाखवायला गेलो तर हिशोब झटक्यात झाला पण प्रिंट करताना व्हॅल्यू एरर! उत्तर 5736 आकडी आणि आता लिमिट आहे 4300 आकड्यांची, त्याच्यावर गेलं की इंटचं (पूर्णांकाचं) स्ट्रिंग (मजकूर) होत नाही, उलटंही नाही. हेक्स (16च्या पायाचे आकडे), बायनरीला (2च्या पायाचे) मात्र ही अट नाय.

कारण खरंच पटतं. दशमान रूपांतराला आकडे दुप्पट झाले की वेळ साधारण चौपट लागतो, म्हणजे कोणी मुद्दाम लाखो आकडी नंबर पाठवला तर सर्व्हर तिथेच अडकून बसणार. सिस मॉड्यूलमधल्या सेट_इंट_मॅक्स_स्ट्र_डिजिट्स या फंक्शनने लिमिट वाढवता येते, शून्य दिलं की बंद. भाच्याचं काम तेवढ्यात झालं.

पण मेंटेनन्स (दुरुस्तीच्या) अपडेटमध्ये चालू कोड अडतो हे मला आवडलं नाय, जरी सिक्युरिटीसाठी असलं तरी. बाकी बगफिक्स चांगले, मशीनवर तोच ठेवलाय. पाच पैकी चार.