शेवटच्या वळणावरचे दोन निकाल: इंटरलागोस २००८ आणि इंडियानापोलिस २०११

एक फॉर्म्युला वनची, दुसरी अमेरिकेतली इंडियानापोलिस ५००; दोन्ही कार शर्यती शेवटच्या लॅपमध्ये, म्हणजे फेरीत, फिरल्या, आणि दोन्हीकडे कारण टायरच.

ब्राझीलच्या इंटरलागोसला मोसमातली शेवटची शर्यत होती. मॅकलारेनच्या हॅमिल्टनला फेरारीच्या मासाला मागे टाकून जगज्जेतेपद मिळवायला पाचवा क्रमांक पुरेसा होता. शेवटी पाऊस आला, बहुतेकांनी पिटमध्ये (गाडी थांबवण्याच्या जागी) जाऊन इंटरमीडिएट, म्हणजे ओल्या रस्त्याचे टायर चढवले; टोयोटाचा ग्लॉक मात्र कोरड्या टायरवरच राहिला. ६९व्या लॅपला फेटेलने हॅमिल्टनला सहावा केला. शेवटच्या लॅपला सर वाढली. कोरडे टायर पाणी कापत नाहीत, थंड पडले की पकड जाते. ग्लॉक अक्षरशः सरपटत होता. मासा शर्यत जिंकून रेषा ओलांडून गेला, फेरारीच्या गॅरेजमध्ये जल्लोष सुरू झाला, आणि जुन्साओ वळणावर हॅमिल्टन ग्लॉकच्या पुढे जाऊन पाचवा झाला. मोसमाचे गुण हॅमिल्टन ९८, मासा ९७!

इंडियानापोलिसला पाऊस नव्हता. शेवटच्या, २००व्या लॅपला नवखा हिल्डेब्रँड इंधन वाचवत आघाडीवर होता. चौथ्या वळणावर एक लॅप मागे असलेला किंबॉल संथ चालला होता. वेग न तोडता त्याला बाहेरून ओलांडताना हिल्डेब्रँडची गाडी टायरमधून झडलेल्या रबराच्या कणांवर गेली. रेसिंग लाइनबाहेर हे कण साचतात, टायर त्यांवरून घसरतात. गाडी भिंतीवर आदळली. मोडकी गाडी घसरत दुसरी आली; मागून आलेला व्हेल्डन जिंकला, संपूर्ण शर्यतीत हीच एक लॅप आघाडीवर राहून.

इंटरलागोसचा थरार गुणांचं गणित माहीत असेल तरच पूर्ण कळतो. इंडियानापोलिसला गणित लागत नाही. म्हणून नव्या प्रेक्षकाला आधी तीच शर्यत दाखवावी.