सिलिका जेल की झिओलाइट?

बेळगावजवळच्या खानापूरकडचा पाऊस म्हणजे कपाटातल्या चपलांनाही बुरशी. कॅमेऱ्याच्या डब्यात काय ठेवावं, असं मला दर आषाढात कुणीतरी विचारतंच.

ओल शोषणाऱ्या या दोन पदार्थांपैकी सिलिका जेल स्वस्त. हवा दमट असेल तर वजनाच्या 30 टक्क्यांहून जास्त पाणी पितं, आणि 120 अंशांच्या आसपास तापवलं की पुन्हा ताजं. पण त्याची छिद्रं लहानमोठी, त्यामुळे कुठला रेणू आत घ्यायचा, कुठला नाही, अशी निवड काही नाही. हवा कोरडी होत गेली की त्याचा जोरही ओसरतो.

झिओलाइटचं तसं नाही. हा अॅल्युमिनियम-सिलिकॉनचा स्फटिक, छिद्रं सगळी एका मापाची. ‘4ए’ प्रकारात छिद्राचं दार सुमारे 4 अँगस्ट्रॉमचं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग): पाण्याचा रेणू आत शिरतो, बेंझिनचा बाहेरच अडतो. बेंझिनसारखी वाफ धरायची तर मोठ्या दाराचा ‘13एक्स’ लागतो. त्यातही हवेत ओल असली की पाणी आधी जागा बळकावतं, कारण आतले सोडियम आयन पाण्यासारख्या ध्रुवीय रेणूंना, म्हणजे ज्यांचं एक टोक किंचित धन आणि दुसरं ऋण असतं त्यांना, ओढून घेतात. नायट्रोजनही असाच ऑक्सिजनपेक्षा घट्ट धरला जातो. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो तो याच्यावरच. झिओलाइट पितं वीसेक टक्केच, पण जवळजवळ कोरड्या हवेतूनही. सुकवायला मात्र 200 ते 300 अंश हवेत, घरच्या शेगडीवर भरवसा नको.

म्हणून कॅमेऱ्याला जेलच घ्या. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कॉम्प्रेसरची हवा अगदी खडखडीत कोरडी हवी असेल, तिथे झिओलाइटचे पैसे वसूल होतात. आणि निळं जेल स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका, त्यात कोबाल्ट असतं.