ताकाचिहो की ओबोके?
जपानमधल्या या दोन्ही दऱ्यांत नावेतून फिरता येतं, पण मजा वेगळी. क्यूशू बेटावरच्या ताकाचिहोत वल्ही आपणच मारायची. आसो ज्वालामुखीच्या उद्रेकांतून घडलेले उभे कडे, वरून कोसळणारा १७ मीटरचा मानाई धबधबा. किहाची नावाच्या राक्षसाने फेकलेला अवाढव्य दगड इथे दाखवतात. सूर्यदेवता आमातेरासू रुसून लपली ती गुहाही याच गावात, असं मानतात.

शिकोकू बेटावरच्या ओबोकेत योशिनो नदीवर नाव नावाडी चालवतो. देवबीव नाहीत, पण कोनाकी-जिजी नावाचं भूत आहे! हा म्हातारा डोंगरात तान्ह्या बाळाच्या आवाजात रडतो. दया येऊन उचललं की जड जड होत जातो आणि चिकटून बसतो.

ताकाचिहोची रेल्वे २००५ च्या वादळापासून बंद. ओबोकेला स्टेशन आहे. देखाव्यासाठी ताकाचिहो, गोष्टीसाठी मात्र ओबोकेच.