दंडाची पट्टी की वजन-उंची? पालावरच्या मुलांसाठी

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की कुणी ना कुणी विचारतंच: मजुरांच्या पालांवर कुपोषणाची तपासणी करायचीय, नुसती दंडघेराची पट्टी पुरेल का, की काटा आणि लांबी मोजायचा फळाही न्यायचा? तीन हंगामांपूर्वी मी डोळे झाकून फळा म्हटलं असतं, हे आधीच कबूल करतो.

निकष तुम्हाला ठाऊक असतील. सहा महिने ते पाच वर्षं, डावा दंड, ११.५ सेंटिमीटरच्या खाली सॅम (अतितीव्र कुपोषण), तिथून १२.५ च्या आत मॅम (मध्यम तीव्र कुपोषण). दुसरीकडे उंचीच्या मानाने वजन: उणे तीन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) खाली सॅम, तिथून उणे दोनच्या आत मॅम. दोन्ही पावलांवर बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल तर मापांचा वादच मिटला, मूल सॅम.

आम्ही दिंडोरी आणि निफाडच्या मळ्यांवर जातो. पेठ-सुरगाण्याहून आलेली कुटुंबं बागेच्या बांधाला पाल ठोकून राहतात. सकाळी आठच्या आत माणसं बागेत गेलेली असतात, त्यामुळे आपल्या हाती काय ते संध्याकाळचे दोन तास, चूल पेटायच्या वेळेचे. काट्याने मला कधी छळलं नाही. मांडवाच्या अँगलला टांगता काटा अडकवला, झोळीत पोर बसवलं, झालं. रडलं तरी आकडा मिळतो.

छळलं ते फळ्याने. दोन वर्षांखालचं मूल आडवं निजवून मापायचं. त्याला सपाट जागा हवी आणि पालावर सपाट जागा म्हणजे चुलीपुढची सारवलेली वीतभर जमीन, तीही उतरती. एकाने डोकं टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून पायाशी सरकपट्टी आणायची. दीडेक वर्षाचा एक पोरगा आठवतो. पहिल्यांदा ७४.२ आलं. फळ्याखालचं ढेकूळ काढून पुन्हा घेतलं तर ७३.१. तिसऱ्यांदा त्याने गुडघाच सरळ केला नाही. त्या उंचीला एका सेंटिमीटरमागे सीमारेषा दीड-दोनशे ग्रॅमने सरकते, म्हणजे पोरगं सॅममध्ये की मॅममध्ये हे ढेकळाने ठरवायचं! चौथ्यांदा निजवायला गेलो तर आजीने पोर उचललं. "निजवून काय मापता, सरण रचायचंय का?" म्हणाली आणि पालात गेली. पुढच्या तीन पालांतली पोरंही त्या दिवशी बाहेर आली नाहीत.

तेव्हापासून मी पट्टीकडे वळलो. आईच्या मांडीवरून मूल हलवावं लागत नाही. खांदा आणि कोपर यांचा मध्य काढायचा, हात सैल सोडायचा, पट्टी फिरवायची, तिच्या खिडकीतला रंग बघायचा: लाल म्हणजे सॅम, पिवळा मॅम, हिरवा ठीक. दंड मापायची ही रीत मुळात अशाच गर्दीसाठी रुळली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धात मदतपथकं दंडाचं माप घेऊन मुलाला खुणा केलेल्या काठीशी उभं करत. दंडाच्या मानाने उंची जास्त भरली की मूल खंगलेलं. पुढे काठीही गळली, कारण एक ते पाच वर्षांत दंडाचा घेर तसा फारसा बदलत नाही.

पट्टीचे दोषही सांगायला हवेत. जोरात ओढली की दोन-तीन मिलिमीटर सहज कमी येतात. नव्या कार्यकर्त्यांकडून पहिले दोन दिवस हे होतंच. आणि मोठी गोष्ट, पट्टी आणि वजन-उंची एकाच मुलांना पकडत नाहीत. आपल्याकडे तर दोन याद्या बऱ्याच वेगळ्या निघतात. पट्टी लहान वयाच्या मुलांना जास्त हेरते. चार वर्षांचं, उंच, बरगड्या दिसणारं पोर हिरव्यात निसटू शकतं. असं एक मी स्वतः हिरव्यात सोडलं होतं, आमच्या मदतनीस ताईंनी काट्यावर घातलं म्हणून सापडलं. शिवाय अंगणवाडीला पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये वजन-उंचीच भरावी लागते. तुमचं काम सर्वेक्षणाचं असेल, टक्केवारी काढायची असेल, तर बहुधा फळ्याला पर्याय नाही. ज्या मापावर मूल उपचारात घेतलं त्याच मापावर सोडायचं, एवढं मात्र सांभाळा.

पण मूल शोधायचं असेल तर, मला वाटतं, पट्टी. आणखी एक कारण आहे. नायजर देशात आयांनाच पट्टी शिकवून पाहिली, त्यांना जमली. आम्हीही गेल्या हंगामात काही जणींना दिली. छाटणी संपली की ही कुटुंबं दुसऱ्या मळ्यावर जातात, आमची वही मागेच राहते. पट्टी आईसोबत जाते. एकीने ती पालाच्या मेढीला, पोराच्या टोपड्याशेजारी बांधून ठेवली होती. माप किती आलं म्हणून विचारलं तर आकडा नाही सांगितला. "पिवळ्यातून निघाला," म्हणाली.

यंदा पिशवीत पट्ट्याच घेतल्यात, सोबत टांगता काटा. पट्टी लाल-पिवळी आली किंवा नुसत्या नजरेला मूल खटकलं, की त्याला अंगणवाडीत नेतो. फळा तिथेच ठेवलाय. तिथे फरशी आहे.