डाखाऊ छळछावणी स्मारक, म्युनिक: तासाभरात उरकू नका

सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधून ट्रेनिंगला जर्मनीत जाणारे आपल्याकडे कितीतरी आहेत, शिवाय मे महिन्यात युरोप टूरला जाणारे वेगळेच, त्या सगळ्यांसाठी लिहितोय. आम्ही नाशिकमधूनच टूर बुक केली होती, त्यात डाखाऊला जेमतेम तासभर दिलेला, गेटपाशी फोटो काढा आणि चला बसमध्ये. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून मोकळ्या दिवशी आईला आणि बायकोला घेऊन परत गेलो.

म्युनिकहून एस-२ लोकल, डाखाऊ स्टेशनवरून 726 नंबरची बस, थेट दारात सोडते. एन्ट्री फ्री आहे. पण गाइडेड टूर घ्याच, कारण आत बहुतेक मोकळं मैदान आहे, 34 बराकींपैकी दोनच पुन्हा बांधून ठेवल्यात, बाकीच्यांच्या नुसत्या जागा आखलेल्या, समजावून सांगणारं कोणी नसेल तर काही कळत नाही.

आमच्या गाइडने सुरुवातच छान केली. हिटलर सत्तेत आला 30 जानेवारी 1933 ला आणि ही छावणी उघडली 22 मार्चला, म्हणजे दोन महिनेसुद्धा झाले नव्हते! पहिले कैदी कोण, तर कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, विरोधातले लोक, कोर्टकचेरी काही नाही, उचलायचे आणि आत टाकायचे. मग इथलेच नियम पुढे बाकीच्या छावण्यांना लावले. एकूण 2 लाखांहून जास्त कैदी, त्यातले किमान 41,500 मेले.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते बराकीतल्या फळ्यांनी. तिथे वेगवेगळ्या काळातले झोपायचे बाक शेजारी शेजारी केलेत, सुरुवातीच्या बाकांना माणसागणिक वेगळा कप्पा आहे, शेवटच्या काळातल्या बाकांना कप्पेच नाहीत, नुसती सलग फळी, जेवढे कोंबता येतील तेवढे कोंबायचे. 200 जणांसाठीच्या बराकीत शेवटी 2,000 पर्यंत माणसं होती. आई त्या फळीवर हात ठेवायला गेली आणि मागे घेतला.

म्युझियम जुन्या इमारतीत आहे, कैदी आला की जिथे त्याचे कपडे, घड्याळ, कागद सगळं काढून घेऊन नंबर द्यायचे ती खोलीही बघता येते, भिंतीवर 'धूम्रपान मनाई' असं जर्मनमध्ये लिहिलेलं अजून दिसतं. इथे सावकाश फिरा.

मृतदेह जाळायच्या भट्टीच्या इमारतीत नूर इनायत खान आणि तिच्यासोबतच्या तिघींची पाटी आहे, ती चुकवू नका. नूरचे वडील आपल्या गायकवाडांच्या बडोद्याचे, ती ब्रिटिशांची गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये काम करत होती, पकडली गेली आणि 13 सप्टेंबर 1944 ला इथे गोळी घातली. टूरवाल्यांनी हे सांगितलंच नव्हतं, आणि भारतीय लोकांना तिथे नेऊन नूरचं नाव घेत नसतील तर कठीण आहे. गॅस चेंबरही तिथेच आहे, पण त्यात सामूहिक हत्या झाल्याचे पुरावे नाहीत हे तिथले लोक स्वतः सांगतात, उगाच वाढवून सांगत नाहीत म्हणून विश्वास बसतो.

खडीवरून खूप चालावं लागतं, आईचे गुडघे दुखले, बूट चांगले घाला. लहान मुलांना नेऊ नका. आणि गेटसमोर हसत सेल्फी काढणाऱ्यांना प्लीज टोका. पाचला बंद होतं, सकाळीच जा. टूर बुक करताना डाखाऊला किमान चार तास मिळणार का ते आधी विचारा, नाही म्हणाले तर मोकळ्या दिवशी स्वतः जा, लोकलने अगदी सोपं आहे.

पाचपैकी पाच.